गाडी महाराष्ट्राची झाली, मी नाही झालो

(कोल्हापुरात तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. दोन-चार ठिकाणी वाक्य सरळ केलं, एवढंच.)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. कविता आज वाचत नाही. खिशात दोन कागद आहेत, ते दाखवतो. मागच्या रांगेला दिसायचे नाहीत, म्हणून तोंडानं सांगतो. हा पहिला, अधिवासाचा दाखला. पंधरा वर्षं इथं राहिल्यावर २०१७ साली मिळाला. यावर लिहिलंय की मी महाराष्ट्राचा रहिवासी आहे. हा दुसरा त्याच्या तीन वर्षं आधीचा, जातीच्या दाखल्यासाठी केलेला अर्ज. कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलंय, 'परराज्यातील'. दोन्ही कागद सरकारी, दोन्ही खरे. एकावर मी इथला, दुसऱ्यावर मी तिकडचा.

मी मुंबईला गोदीत आहे, कंत्राटावर. बोट धक्क्याला लागली की खाली हॅचमध्ये उतरायचं, स्टीलच्या कॉइलला स्लिंग घालायची, क्रेनवाल्याला हात करायचा आणि बाजूला सरकायचं. सरकला नाही तो संपला. शिक्षण दहावी. पुढं का नाही शिकलो, ते या दुसऱ्या कागदात आहे.

मी चार वर्षांचा होतो तेव्हा, २००२ साली, माझा बाप बायकोपोरं घेऊन निपाणीच्या बाजूनं कोल्हापुरात आला. तिकडं तो तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. आई विड्या वळायची. महिन्यातले पंधरा दिवस रिकामं बसायची पाळी आली तेव्हा कुणीतरी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीवर लावून दिलं. निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. भाषा तीच, भाकरी तीच, शिव्यासुद्धा त्याच. हा काय परमुलखात गेला असं कुणी म्हणणार नाही. पण कागल सोडलं की कोगनोळीच्या अलीकडं एक रेघ आहे. डोळ्याला दिसत नाही. सीमेवर काही तापलं की एसटी कागलपर्यंतच येते आणि प्रवासी रस्त्यावर उतरतात, तेव्हा रेघ कुठं आहे ते कळतं. करोनात याच नाक्यावर आमच्या लोकांना चाचणीचा कागद मागून परत पाठवलं. मयताला निघालेल्या माणसांनासुद्धा.

बाप येताना एक एम-एटी घेऊन आला. नंबर केए-२३, म्हणजे चिकोडीचा. इथं वर्षभर चालवली, मग चौकात शिट्टी वाजली. कायदा असा आहे की दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली तर इथला नंबर घ्यायला लागतो. बाप चिकोडीला गेला, एनओसी आणली. इथं टॅक्स भरला. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर उमटवला. तीन हेलपाटे झाले आणि एमएच-०९ मिळाला. गाडी महाराष्ट्राची झाली. पुढं भंगारात गेली तीसुद्धा महाराष्ट्राची म्हणून गेली.

रेशनकार्डाचं तसंच. तिकडं नाव कमी केल्याचा दाखला घेतला, इथं नाव घातलं. मतदार यादीचं तसंच. गॅस आला, बँकेचं खातं आलं, पुढं आधार आलं. माणूस एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात राहायला गेला की काय काय बदलायला लागतं त्याची यादी बापाला पाठ होती. फाउंड्रीतल्या नव्या पोरांना तो सांगायचा, आधी तिकडचं नाव कमी करून घे, मग इकडं लाव, उलटं केलंस तर बोंबलत बसशील.

एक गोष्ट मात्र एनओसी न घेता आमच्याबरोबर आली. जात.

खोली बघायला गेलो की घरमालक भाडं नंतर सांगतो, आडनाव आधी विचारतो. माझं आडनाव इथं सांगायची गरज नाही. पण कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत आडनाव ऐकून गल्ली सांगणारी माणसं आहेत. "गाव कुठलं?" निपाणी. "निपाणीत कुठं?" जवळच्या खेड्यातलं. "त्यात कुणाच्यात?" तिसऱ्या प्रश्नाला खोली गेलेली असते. "पावणं येणार हायत आमचं, खोली लागणार हाय." आई सांगते, तीन महिने आम्ही एका नातेवाइकाच्या पडवीत काढले, दर रविवारी बाप खोल्या बघत हिंडायचा आणि दर रविवारी कुठल्या तरी घरमालकाचे पावणे येणार असायचे. शेवटी आपल्याच लोकांच्या वस्तीत जागा मिळाली. त्या तीन महिन्यांत एकाही घरमालकानं विचारलं नाही की बाबा, तू तिकडचा महार का इकडचा? तुझी जात इथं लागू आहे का? नाही. तिकडची जात इकडं जशीच्या तशी चालली.

बडोद्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी दुसऱ्या संस्थानात गेले आणि राहायला छप्पर मिळंना. सांगत बसत नाही. ती फक्त एवढ्यासाठी आठवली की कोलंबियाची पदवी घेऊन आलेल्या माणसालाही बडोद्यात दाखला नव्हता, जात मात्र होती.

आता २०१४ साल. दहावी झालो. गुण वाईट नव्हते. डिप्लोमाला जायचं होतं, इलेक्ट्रिकलला. जातीचा दाखला लागणार म्हणून बाप एक दिवसाची हजेरी बुडवून माझ्याबरोबर आला. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. खिडकी सगळीकडं सारखीच असते. खिडकीतल्या माणसानं फाइल उघडली आणि विचारलं, "तुमचे आजोबा १० ऑगस्ट १९५० रोजी कुठे राहत होते?"

दोस्तहो, हा दिवस लक्षात ठेवा. आपल्याला १४ एप्रिल पाठ आहे, १४ ऑक्टोबर पाठ आहे, ६ डिसेंबर पाठ आहे. १० ऑगस्ट १९५० कुणाला पाठ नाही. त्या दिवशी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी काढली. महाराष्ट्रात जातीचा दाखला मागायला गेलात की तुमच्या घराण्याला त्या दिवसावर उभं करतात. त्या दिवशी तुमचा आजोबा कुठल्या मातीवर होता, त्यावर नातवाचं ठरतं.

बाप म्हणाला, "गावातच हुता जी. वतनावर."

"म्हणजे कर्नाटकात."

मी म्हणालो, "साहेब, १९५० ला कर्नाटक नव्हतं."

दहावीच्या परीक्षेला बसून तीन महिने झाले होते. संयुक्त महाराष्ट्राचं सगळं डोक्यात ताजं होतं. त्या माणसानं पहिल्यांदा मान वर करून बघितलं. "मग काय होतं?"

"मुंबई राज्य."

त्यानं दोन मिनिटं विचार केला. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. मग म्हणाला, "आज निपाणी कुठं आहे?"

"कर्नाटकात."

"मग झालं तर."

आणि लाल शाई.

त्याच्या 'मग झालं तर'वर मी अकरा वर्षं विचार करतोय. रात्रपाळीला बोटीवर वेळ मिळतो. तर जे सापडलं ते सांगतो.

कोल्हापूर हे संस्थान. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. १९२० साली बाबासाहेब माणगावला परिषदेला आले तेव्हा ते शाहू महाराजांच्या राज्यात आले. १९२५ ला निपाणीला बहिष्कृत परिषदेला आले तेव्हा ते इंग्रजाच्या मुलखात आले. त्या दोन गावांत तेव्हा खरोखरच राज्याची सीमा होती. मग १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्या दिवसापासून निपाणी आणि कोल्हापूर एकाच राज्यात आले. किती दिवस? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात टाकला. म्हैसूरचं कर्नाटक हे नाव तर १९७३ चं. म्हणजे सात वर्षं आठ महिने निपाणी आणि कोल्हापूर एका राज्यात होते. आणि १० ऑगस्ट १९५० त्या सात वर्षं आठ महिन्यांच्या आत पडतो.

म्हणजे खिडकीतल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं: माझा आज्जा त्या दिवशी तुमच्याच राज्यात होता. तुमच्याच यादीत होता. मुंबई राज्याच्या यादीत महार होता आणि आज्जा महार होता. तो कुठं गेला नाही. मेला तोसुद्धा त्याच गावात. राज्य त्याच्या अंगावरनं सरकलं.

बरं, अख्खा बेळगाव जिल्हा गेला म्हणावं तर तसंही नाही. चंदगड तालुका त्याच जिल्ह्यातला. तो वेगळा काढून मुंबई राज्यातच ठेवला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. आज चंदगडच्या आपल्या माणसाच्या आज्ज्याचा १९५० चा उतारा काढा, त्यावर जिल्हा बेळगावच असणार. माझ्या आज्ज्याच्या उताऱ्यावरही जिल्हा बेळगावच. एकच जिल्हा, एकच कलेक्टर, एकच यादी. चंदगडच्या नातवाला दाखला मिळतो. मिळालाच पाहिजे, त्यात त्या पोराचा काही गुन्हा नाही. पण मला समजावून सांगा की त्याच्या आणि माझ्या आज्ज्यात काय फरक होता?

आता कायदा. मी वकील नाही. एका वकील मित्रानं जेवढं डोक्यात घातलं तेवढं सांगतो. घटनेचं ३४१ कलम म्हणतं, जाती अनुसूचित ठरवायच्या त्या त्या-त्या राज्याच्या संबंधात. हे शब्द छोटे आहेत पण सगळी मारामारी त्यांच्यावर आहे. पूर्वी तर राज्याच्या आतसुद्धा भाग पाडलेले होते. काही जाती एका जिल्ह्यात अनुसूचित आणि शेजारच्या जिल्ह्यात नाहीत. १९७६ च्या कायद्यानं, तो २७ जुलै १९७७ पासून लागू झाला, त्या आतल्या बहुतेक रेघा पुसल्या. म्हणजे रेघ पुसता येते, हे सरकारला ठाऊक आहे. राज्याची रेघ मात्र तशीच ठेवली.

१९८५ साली केंद्रानं परिपत्रक काढलं की स्थलांतर केलेल्या माणसाला बापाच्या दाखल्यावरून नव्या राज्यात दाखला द्या. पण सवलत मात्र मूळ राज्याचीच. मग १९९० चा निकाल आला. आंध्रातला एक विद्यार्थी, जमात तिकडच्या यादीतली. बापाची बदली मुंबईला झाली म्हणून पोरगा इकडं आला आणि मेडिकलला राखीव जागा मागितली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. एका राज्यात जी जात दबलेली आहे ती दुसऱ्या राज्यात तेवढीच दबलेली असेल असं नाही. १९९४ ला पाच न्यायाधीशांनी तेच म्हटलं, आणि ते प्रकरण तर महाराष्ट्रातल्या दाखल्यांचंच होतं. २०१८ ला पुन्हा पाच न्यायाधीशांनी तेच म्हटलं. गंमत बघा, ज्या १९९० ला केंद्रानं कायदा बदलून बौद्धांना यादीत घेतलं, त्याच १९९० ला हा निकाल. एका दारानं आत घेतलं आणि दुसरं दार लावलं.

कोर्टाच्या म्हणण्यात काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. काही जाती खरंच एका मुलखात खाली आणि दुसऱ्या मुलखात बऱ्या असतात. पण महार? महाराष्ट्राच्या यादीत महार आहे, कर्नाटकाच्या यादीत महार आहे. शेजारी तराळ, धेगू-मेगू ही नावंही दोन्हीकडं. नावं जुळणारच, तिकडची ही ओळ मुंबईच्याच यादीतनं गेलेली. आणि घरमालकाच्या तिसऱ्या प्रश्नाला तर दोन्हीकडं एकच उत्तर आहे.

यातनं काय काय निघतं ते ऐका, हसू येईल. लोकसभेच्या राखीव जागेसाठी कायदा असा आहे की उमेदवार कुठल्याही राज्यातल्या अनुसूचित जातीचा चालतो. विधानसभेला त्याच राज्यातला लागतो. म्हणजे कर्नाटकचा दाखला घेऊन मी उद्या महाराष्ट्रातल्या राखीव मतदारसंघातनं खासदार होऊ शकतो. पण इथल्या पॉलिटेक्निकमध्ये राखीव जागेवर वायरिंग शिकू शकत नाही.

आणि जनगणना. मोजणीवाला घरी येतो, जात विचारतो, महार म्हटलं की राज्याच्या यादीत नाव बघतो आणि लिहून घेतो. आज्जा कुठं होता विचारत नाही. म्हणजे माझं डोकं महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या डोक्यांत मोजलं जातं. त्या डोक्यांवरनं राखीव मतदारसंघ ठरतात. डोकं घेतात, हात घेत नाहीत.

मार खाल्ला तर मात्र आता बरं आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा परराज्यातल्या माणसाला इथं लागू होतो का, हा वाद मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढं गेला होता. २०२३ साली त्यांनी सांगितलं, लागू होतो. चांगला निकाल आहे, मी टाळ्या वाजवल्या. पण म्हणजे मला इथं जातीवरनं मारलं तर मी अनुसूचित जातीचा, शिकायला गेलो तर नाही.

कुणी म्हणेल, मग कर्नाटकात जा की. बापानं तेही विचारलं होतं. तिकडं प्रवेशाचा साधारण नियम असा की सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं पाहिजे. मी पहिलीपासून कोल्हापुरात मराठी शाळेत. कन्नड मला बसवरच्या पाट्यांपुरतं येतं.

आता सीमाभागाच्या चळवळीबद्दल थोडं बोलतो, राग आला तर येऊ द्या. ८६५ गावं महाराष्ट्राची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, निपाणी त्यात होती. महाराष्ट्रानं तो अहवालच नाकारला. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. तोवर महाराष्ट्र सरकार या गावांतल्या माणसाला आपलाच धरतं. तिथल्या मराठी पोरांना इथं प्रवेशाला महाराष्ट्राचं मानतात. २००८ च्या शासन निर्णयानं तिथं पंधरा वर्षं राहिलेल्याला इथल्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. २०२३ ला दवाखान्याची योजनाही लावली. चांगलंच आहे. पण भाषेसाठी रेघ ओलांडणारं हे राज्य जातीच्या दाखल्यापाशी आलं की म्हणतं, आज निपाणी कुठं आहे? ८६५ गावं म्हणता तेव्हा प्रत्येक गावाला एक वाडा आहे, गावाबाहेर. तो ८६५ मध्ये मोजलाय का? बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना हेच बजावलं होतं, की अशा राज्यात मोठी जात राज्य करते आणि लहानांनी सांभाळून राहावं. इकडचे मराठीचे पुढारी आणि तिकडचे कन्नडचे पुढारी सत्तर वर्षं भांडतायत, आमच्या दाखल्याचं भांडण दोघांपैकी एकाच्याही तोंडात नाही.

आता जे सांगायचंय ते अवघड आहे. आपल्यातलाच एक मोठा कार्यकर्ता मला म्हणाला, "तुझं खरं हाय रं. पण तुला दिलं तर उद्या सगळ्या देशातनं येतील. आमच्या पोरांच्या जागा खातील." आणि त्यानं बाबासाहेबांचंच नाव घेतलं. खोटं नव्हतं ते. ३० नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की उडत्या पाखरासारखं एका प्रांतातनं दुसऱ्या प्रांतात यायचं, नोकरीतला मेवा घ्यायचा आणि निघून जायचं, हे चालू देता येणार नाही. रहिवासाची अट काही ठिकाणी लागेल. मी ते शोधून वाचलं. दोन दिवस तोंडाला कडू चव होती.

पण परत वाचलं. ते पाखराबद्दल बोलत होते. माझा बाप पाखरू आहे का? तेवीस वर्षं शिरोलीत वाळू आणि लोखंड. छातीत वाळू बसलीय. रेशन इथं, मत इथं. मी पंधरा वर्षं पुरी करून अधिवासाचा दाखला घेतला, तो याच सरकारनं दिला. मूळ धरलेलं झाड आणि पाखरू यात काही फरक करायचा की नाही? आणि हे बोलणारा माणूस कोण होता? जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, शाळा साताऱ्याची. १९४६ ला घटना समितीत तो मुंबईतनं नाही, बंगालमधनं निवडून गेला. फाळणी झाली, बंगालमधली ती जागा गेली, आणि १९४७ च्या जुलैत तो पुन्हा मुंबईतनं आला. पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नकाशात जाते म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या कार्यकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडं एवढं सरळ उत्तर नाही. माझ्या टोळीत आझमगडचा एक आहे, चमार. त्याची पोरं मुंबईत जन्मली, माझ्याहून चांगली मराठी बोलतात. मी सीमेचा, १९५० ला याच राज्यातला, म्हणून माझी केस वेगळी आहे असं म्हणून मी सुटायचं आणि तो खालीच राहायचा? जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, "तेरा हो गया तो मेरा भी करेगा?" मी डबा बंद केला. इथल्या पोरांच्या जागा कमी होणार असतील तर जागा वाढवायला भांडायला पाहिजे, जनगणनेत आमची डोकी घेतलीत तर त्या हिशेबानं वाढवा, असं मला वाटतं. पण त्याच्या समोर बसून हे बोलायला जीभ उचलली नाही, कारण त्याला जागा नको होती, त्याला फक्त 'हो' ऐकायचं होतं.

आयाबहिणी बसल्यात म्हणून आणखी एक. दूधगंगा-वेदगंगेच्या दोन्ही काठांना आपल्या सोयरिकी. निपाणीकडच्या पोरी कागलात, कागलच्या पोरी तिकडं. माझी चुलत बहीण अशीच कागल तालुक्यातल्या एका गावात दिली. तिथं ग्रामपंचायतीची जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी सुटली. वस्तीतल्या बायकांनी तिलाच पुढं केलं, बोलायला खमकी म्हणून. कागद बघितले तर बाईची जात बापावरनं, आणि बाप तिकडचा. अर्जच भरता आला नाही. पंजाबातनं लग्न होऊन उत्तराखंडात गेलेल्या एका बाईच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१८ ला हेच सांगितलंय, लग्नानं राज्य बदललं तरी सवलत येत नाही. माझी बहीण म्हणाली, "दादा, लगीन करताना माझ्या बापाला कुणी इचारलं न्हाई पोरगी परराज्यातली हाय का म्हणून. पाणी भरायला, शेण काढायला, मजुरीला मी इथलीच हाय की."

तर करायचं काय. रडायला मी मुंबईहून आलेलो नाही.

कोर्टानं सगळी दारं लावलेली नाहीत. २००३ साली मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या पांढुर्ण्याच्या एका माणसाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं म्हटलं की माणूस स्थलांतरित आहे की राज्याची फाळणी झाल्यानं रेघेपलीकडं गेलाय, हा प्रश्न वेगळा आहे, तो तपासा. २०२१ ला बिहार-झारखंडच्या खटल्यात सांगितलं की राज्य तुटल्यावर माणूस दोनपैकी कुठल्याही एका राज्यात सवलत मागू शकतो, दोन्हीकडं एकदम नाही. ते २००० साली तुटलेल्या राज्याचं आहे. आपलं १९५६ चं. वकील मित्र म्हणतो, युक्तिवाद एकाच जातीचा आहे. त्यानं जातीचाच म्हटलं, मी हसलो.

पण युक्तिवादाला कागद लागतो. आणि एकट्याचा कागद घेऊन गेलं की खिडकीतला माणूस विचारतो, आज निपाणी कुठं आहे. शंभर जणांचे कागद गेले तर त्याला दुसरा प्रश्न शोधायला लागेल.

कागद कुठले? १९५० च्या आधीचे, ज्यावर जात महार आणि जिल्हा बेळगाव आहे. आपले आज्जे शाळेत गेले नाहीत, त्यामुळं शाळेचा दाखला शोधत बसू नका. गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात बघा, तिथं पोर जन्मलं की बापाची जात लिहायचे. माझ्या थोरल्या चुलत्याची नोंद तशी मिळाली. आणि वतनाचे कागद बघा. तीच खरी खाण आहे. ज्या वतनासाठी आज्ज्यानं गावाचे निरोप पोचवले, मेलेली ढोरं ओढली आणि वर शिव्या खाल्ल्या, ज्या वतनाच्या विरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं, त्याच वतनाच्या कागदावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, सगळं तारखेनिशी लिहून ठेवलंय. सरकारनं आमच्याबद्दल एवढं नीट दुसरं काही लिहिलेलं नाही. जुने असतील ते मोडीत असतील. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आपण गाठलेत, पैसे घेत नाहीत, फक्त चहा चांगला पाहिजे म्हणतात.

ज्यांची घरं निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर या बाजूची आहेत आणि जे आता कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजला राहतात, त्यांनी नावं द्या. सोयरीक करून आलेल्या बायकांनीही द्या, त्यांची यादी वेगळी करतोय. तुमच्याकडं मूळ कागद असेल तर तो देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ कागद कुणालाच देऊ नका, मलासुद्धा नाही.

माझा बाप तिकडं खांबापाशी बसलाय, मांडीवर पिशवी घेऊन. त्याच्याकडं नावं द्या, त्याला या कामाची सवय आहे. त्या पिशवीत सगळं आहे, चुलत्याची नोंद, माझा अधिवास, लाल शाईचा अर्ज आणि सगळ्यात वर त्या एम-एटीचं आरसी बुक. गाडी भंगारात जाऊन बारा वर्षं झाली. टाकून दे म्हटलं तर टाकत नाही. म्हणतो, एक तरी कागद पूर्ण झालेला असावा पिशवीत.

महालक्ष्मीची वेळ झाली, उद्या दुसऱ्या पाळीला बोट लागतेय. कविता पुढच्या खेपेला.

जयभीम.